मिग-२१ : बासष्ट वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्या हवाई तळावर सहा मिग-२१ लढाऊ विमाने उतरली, त्यांना पाण्याच्या फवाऱ्यांनी सलामी देण्यात आली, इंजिने बंद झाली आणि भारतीय वायुदलातील या विमानाची बासष्ट वर्षांची सेवा संपली. वायुदलप्रमुख ए. पी. सिंग यांनी त्या दिवशी स्वतः मिग-२१ चालवले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत या विमानावर जे लिहिले गेले, त्यातील निम्मे निरोपाचे हार घालणारे होते आणि निम्मे अपघातांमुळे रूढ झालेल्या ‘उडती शवपेटी’ या एका शब्दप्रयोगावर उभे होते. मी वायुदलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा तंत्रज्ञ, होतो आणि माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे या विमानाच्या पोटाखाली, पंखावर किंवा शेपटीशी गेली. मला या दोन्ही प्रकारच्या लेखनात माझे विमान सापडले नाही. एखादी वस्तू दीर्घकाळ वापरलेल्या माणसाने तिच्याविषयी जसे सांगावे, तसे सांगण्याचा हा प्रयत्न आहे: ती कोणत्या कामासाठी घेतली होती, ते काम तिने कसे केले, कुठे कमी पडली, आणि तिच्याकडून न होणारी कामे तिच्यावर कोणी व का लादली.

खरेदीचे कारण आधी पाहिले पाहिजे, कारण या विमानाचे सर्व गुणदोष तिथूनच निघतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ स्टारफायटर हे ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे विमान मिळाले. आपल्याकडे तेव्हा हंटर, नॅट, मिस्टेअर अशी चांगली विमाने होती; पण त्यांपैकी एकही सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडणारे नव्हते. भारताने सोव्हिएत संघाशी १९६२ मध्ये मिग-२१ चा करार केला, त्याच वर्षी चीनशी युद्ध झाले, आणि १९६३ मध्ये चंडीगडला २८ क्रमांकाची स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) ‘फर्स्ट सुपरसॉनिक्स’ या नावाने उभी राहिली. तिचे पहिले प्रमुख दिलबाग सिंग पुढे वायुदलप्रमुख झाले. या करारातील सर्वांत मोलाची गोष्ट विमानाच्या वेगापेक्षा वेगळी होती. विमान येथेच बनवण्याचा परवाना आपल्याला मिळाला. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने नाशिकजवळ ओझरला सांगाडा, ओरिसातील कोरापुटला इंजिन आणि हैदराबादला इलेक्ट्रॉनिक उपकरणे, अशी तीन ठिकाणी विभागणी केली. वायुदलात आलेल्या आठशेहून अधिक मिग-२१ पैकी बहुतेक ओझरच्या कारखान्यातून बाहेर पडली. नाशिक परिसरातील दोन पिढ्यांनी या विमानाच्या रिव्हेटवर आपले संसार उभे केले, आणि आमच्या हँगरमध्ये मराठी ऐकू आली की ती बहुधा ओझरहून आलेल्या कामगार पथकाची असे.

आता यंत्राविषयी. मिग-२१ ही एक नळी आहे, तिच्या पुढच्या तोंडातून हवा आत जाते, मागून ज्वाला बाहेर पडते, मध्ये एक माणूस बसतो आणि दोन्ही बाजूंना लहान त्रिकोणी पंख आहेत. इतक्या साध्या शब्दांत मी हे सांगतो, कारण या विमानाचे सौंदर्य त्याच्या साधेपणातच आहे. नाकाच्या तोंडातला शंकू वेगाप्रमाणे पुढे-मागे सरकतो आणि ध्वनीपेक्षा वेगाने येणाऱ्या हवेला इंजिनात शिरण्यापूर्वी हळू करतो. चाकांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि त्यांची दांडी वैमानिकाच्या हातातील स्टिकवरच (विमान वळवण्याच्या दांडक्यावरच) असते. त्यामुळे टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून चालताना, विमान प्रत्येक वळणावर जो सुस्कारा टाकते तो ज्याने ऐकला त्याला डोळे मिटूनही हे मिग आहे हे सांगता येते. उतरल्यावर उभ्या शेपटीच्या बुडाशी असलेल्या डब्यातून ब्रेक पॅराशूट उघडते. ते गोळा करून, झटकून, घडी घालून पुन्हा डब्यात दाबून बसवणे हे आमच्या लाइनवरचे, म्हणजे विमाने उभी असतात त्या जागेवरचे, नव्या पोरांचे पहिले काम असे, आणि उन्हाळ्यात वाळू भरलेले ते कापड दाबून बसवताना तळहाताची साले निघत.

देखभालीच्या दृष्टीने मी या विमानाला माझ्या अनुभवातील सर्वांत जास्त गुण देईन. इंजिन बदलायचे असेल तर सांध्यावरचे बोल्ट काढून मागचा अर्धा भाग, शेपटीसकट, एका ट्रॉलीवर घेऊन अलगद मागे सरकवायचा. समोर संपूर्ण इंजिन उघडे पडते. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा माझ्या फ्लाइट सार्जंटने मला कंदील दाखवावा तसा टॉर्च आत धरून सांगितले होते, “बघून घे, हे विमान बनवणाऱ्याने फिटरचा विचार केलेला आहे.” वीस-पंचवीस वर्षांच्या पोरांनी रात्रभर राबून सकाळच्या सॉर्टीला (उड्डाणाला) विमान उभे केल्याचे प्रसंग माझ्या आठवणीत मोजता येणार नाहीत इतके आहेत. कच्च्या धावपट्टीची, धुळीची, थंडीची त्याला फारशी तक्रार नसे. ज्या देशाच्या सीमेवर एका टोकाला कच्छचे रण आहे आणि दुसऱ्या टोकाला आसामचा पाऊस, त्या देशाला असे सोशिक यंत्र मिळणे ही लहान गोष्ट नव्हती.

उणिवाही पहिल्या दिवसापासून होत्या आणि त्या लपलेल्या नव्हत्या. पहिली म्हणजे इंधन. हे विमान मुळात शत्रूचे बाँबफेकी विमान येताना दिसले की झटकन वर जाऊन, एक-दोन क्षेपणास्त्रे सोडून, परत येण्यासाठी बनवलेले होते. जादा टाक्या लावल्या नाहीत तर साधारण पाऊण तासाच्या आत त्याला जमिनीवर यावेच लागे, आणि आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) वापरला तर त्याहूनही कितीतरी लवकर. दुसरी उणीव रडारची. हवेची वाट नाकातूनच जात असल्यामुळे रडार त्या शंकूत मावेल एवढेच असणार, आणि एवढ्याशा अँटेनाला लांबचे दिसत नाही. तिसरी दृष्टीची: वैमानिकाला मागे जवळजवळ काहीच दिसत नसे, पुढच्या आवृत्त्यांत कॅनॉपीवर (वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेच्या झाकणावर) एक लहान आरसा बसवावा लागला. चौथी उतरण्याच्या वेगाची. त्रिकोणी पंखांचे हे विमान ताशी ३०० किलोमीटरच्या वरच्या वेगाने धावपट्टीकडे येते, नाक वर धरलेले असते, समोरची धावपट्टी नीट दिसत नाही, आणि इंजिन एकच आहे. त्या क्षणी इंजिनात घार किंवा गिधाड शिरले तर विचार करायला जे सेकंद मिळतात ते बोटांवर मोजावेत इतके.

पहिल्या युद्धात या विमानाने आपली निराशाच केली, हे मान्य केले पाहिजे. १९६५ मध्ये आपल्याकडे मूठभर मिग होती. ४ सप्टेंबरला २८ स्क्वाड्रनचे प्रमुख वोलन यांनी एका पाकिस्तानी सेबर लढाऊ विमानावर दोन्ही के-१३ क्षेपणास्त्रे सोडली, ती लागली नाहीत, आणि विमानात तोफच नसल्यामुळे सेबर समोर असूनही त्यांना काही करता आले नाही. दोनच दिवसांनी पठाणकोटवर झालेल्या हल्ल्यात दोन नवी मिग जमिनीवरच जळाली. मात्र या अपयशातून वायुदलाने जे शिकले ते मला विमानाइतकेच महत्त्वाचे वाटते. क्षेपणास्त्रांच्या जमान्यात तोफेची गरज नाही हा त्या काळच्या जगभरातील तज्ज्ञांचा समज आपल्या लोकांनी बाजूला ठेवला आणि मिगच्या एफएल आवृत्तीच्या पोटाखाली २३ मिलिमीटरच्या दुहेरी नळीच्या तोफेचा पॉड, म्हणजे बाहेरून लावायची पेटी, बसवला.

त्या पॉडची किंमत १९७१ मध्ये वसूल झाली. १२ डिसेंबरला जामनगरहून उडालेल्या फ्लाइट लेफ्टनंट भरत भूषण सोनी यांनी कच्छच्या आखातावर एक स्टारफायटर तोफेने पाडले. ज्या विमानाला उत्तर म्हणून मिग घेतले होते, त्याचा हिशेब नऊ वर्षांनी असा पूर्ण झाला. पूर्वेकडे तर मिगने असे काम केले जे त्याच्या आराखड्यात कुठेच नव्हते. ढाक्याजवळच्या तेजगाव धावपट्टीवर मिग-२१ मधून ५०० किलोचे बाँब तीव्र कोनातून टाकण्यात आले, धावपट्टीवर खोल खड्डे पडले, आणि पूर्व पाकिस्तानातील सेबर विमाने जमिनीवर अडकून राहिली. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये बैठक होणार असल्याचा संदेश पकडला गेला. गुवाहाटीहून विंग कमांडर बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या मिगच्या वैमानिकांजवळ लक्ष्य ओळखण्यासाठी पर्यटकांचा नकाशा होता. रॉकेटे थेट त्या इमारतीत गेली, पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला, आणि दोन दिवसांनी शरणागतीवर सह्या झाल्या. बाँबफेकी विमाने पाडण्यासाठी घेतलेल्या विमानाने एका सरकारला खुर्ची सोडायला लावली. वापरणाऱ्याने वस्तूला तिच्या मापापलीकडे नेल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पुढील वीस वर्षांत एफएल, एम, एमएफ आणि बिस अशा आवृत्त्या येत गेल्या, इंजिने अधिक ताकदीची झाली, आणि एक काळ असा आला की वायुदलाच्या लढाऊ स्क्वाड्रनांपैकी मोठा हिस्सा केवळ मिग-२१ चा होता. तैनातीचा नकाशा पाहिला तर श्रीनगर, पठाणकोट, आदमपूर, सुरतगड, नाल, उत्तरलाई, जामनगर, नलिया, आणि पूर्वेला बागडोग्रा, तेजपूर, छबुआ असा अर्धगोल दिसतो. या नकाशामागे हेतू होता. विमानाचा पल्ला कमी आहे, तर ते सीमेच्या जितके जवळ ठेवता येईल तितके ठेवायचे. पश्चिमेला हा हिशेब जमत असे, कारण श्रीनगर किंवा नलियाहून सीमा काही मिनिटांच्या अंतरावर आहे. तळावर ओआरपीच्या, म्हणजे तातडीच्या उड्डाणासाठी सज्ज विमानांच्या, शेडमध्ये दोन विमाने शस्त्रे लावून, पॉवर ट्रॉली जोडून उभी असत आणि दोन मिनिटांच्या तयारीवर असलेले वैमानिक पट्टे बांधून आत बसलेले असत. हूटर वाजला की शेडमधून विमान बाहेर पडून हवेत जाईपर्यंत आमचे सारे शरीर कानात गोळा झालेले असे. जूनच्या दुपारी वाळवंटात पंखाच्या पत्र्यावर हात टेकवला तर चटका बसे, आणि आत बसलेल्या त्या माणसाच्या डोक्यावर ओला टॉवेल धरून आम्ही शिडीवर उभे राहत असू. लढाऊ विमानाची जाहिरात पाहताना कोणाला हे दिसणार नाही, पण ‘सज्जता’ हा शब्द मला अशाच रूपात ठाऊक आहे.

पूर्वेकडे हिशेब वेगळा होता. तिबेटच्या पठारावरील चिनी तळ समुद्रसपाटीपासून साडेतीन-चार हजार मीटरवर आहेत. विरळ हवेत तिथल्या विमानांना पूर्ण इंधन आणि पूर्ण शस्त्रे घेऊन उडता येत नाही, उलट आसाम-बंगालच्या सखल तळांवरून आपले विमान पूर्ण भाराने उडू शकते. हा आपला नैसर्गिक फायदा आहे. पण तो उचलायला हिमालय ओलांडून, तिथे काही वेळ थांबून परत येणारे विमान लागते, आणि मिग-२१ ला ते पल्ल्यात नव्हते. त्यामुळे तेजपूरला पुढे मुख्यतः प्रशिक्षणाचे केंद्र राहिले आणि पूर्वेकडचा खरा भार सुखोई-३० वर व २०२१ पासून हाशिमाराच्या राफेल स्क्वाड्रनवर गेला. विमानाचा दोष म्हणून मी हे नोंदवत नाही. ते ज्या कामासाठी बनलेच नव्हते त्या कामाच्या जागी ते किती वर्षे उभे केले गेले, एवढेच यातून दिसते.

अपघातांविषयी लिहिल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार, वायुदलाने घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत नष्ट झाली आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. हा आकडा ‘मिग विमाने’ म्हणून दिला गेला, केवळ मिग-२१ चा म्हणून नाही. तरी त्यातील मोठा वाटा मिग-२१ चाच होता आणि त्यानंतरही अपघात होत राहिले. मे २०२३ मध्ये राजस्थानातील हनुमानगड जिल्ह्यात घरावर कोसळलेल्या मिग-२१ मुळे तीन ग्रामस्थ महिलांचा जीव गेला. ज्या घरांतून ही माणसे गेली त्यांना विमानाच्या इतिहासाचे कौतुक सांगण्याची माझी हिंमत नाही.

मात्र कारणे नीट पाहिली पाहिजेत. एक इंजिन, उतरण्याचा मोठा वेग आणि आपल्या तळांभोवतीचे पक्षी ही कारणे विमानाशी आणि परिस्थितीशी जोडलेली आहेत. दुसरे कारण प्रशिक्षणाचे आहे आणि ते मला सर्वांत जास्त बोचते. नवा वैमानिक किरणसारख्या संथ, क्षमाशील प्रशिक्षण विमानावर शिकून येई आणि तिथून थेट मिग-२१ वर जाई. यांच्या मधली पायरी, म्हणजे आधुनिक जेट प्रशिक्षण विमान, असले पाहिजे अशी शिफारस १९८० च्या दशकातच झालेली होती. हॉक या ब्रिटिश जेट प्रशिक्षण विमानाचा करार २००४ मध्ये झाला आणि बिदरला ही विमाने २००८ मध्ये दाखल झाली. मधली वीस-बावीस वर्षे ही पायरी मिग-२१ नेच भरून काढली. सायकल शिकलेल्या मुलाच्या हाती थेट शर्यतीची मोटारसायकल द्यावी असा तो प्रकार होता, आणि त्या मुलांनी ती चालवूनही दाखवली, पण सर्वांनी नाही.

पश्चिमेच्या एका तळावर, ज्याचे नाव मी येथे घेत नाही, माझ्या विमानावर आलेला एक तरुण पायलट ऑफिसर शिडी चढण्यापूर्वी दर वेळी नाकाच्या शंकूवर दोन बोटे टेकवीत असे. विमान उड्डाणास योग्य असल्याच्या फॉर्म ७०० वर माझी सही असे, त्याखाली त्याची. एका सकाळी तो माझ्या लाइनवरून गेला नाही, शेजारच्या विमानावरून गेला, आणि तासाभराने टॉवरकडून आलेल्या फोननंतर तो तळ इतका शांत झाला की पॉवर ट्रॉलीचा आवाजही नको वाटू लागला. ज्या फिटरची त्या विमानाच्या फॉर्मवर सही होती, त्याने पुढचे कित्येक दिवस जेवताना एक शब्द उच्चारला नाही. चौकशीत पक्ष्याची धडक निघाली आणि आमच्या कामात चूक नसल्याचे स्पष्ट झाले; तरी त्यानंतर सही करताना माझा हात दर वेळी क्षणभर थांबत असे, आणि नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबत राहिला.

सुट्या भागांची गोष्टही याच हिशेबात येते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि ज्या कारखान्यांची नावे आम्ही पेट्यांवर वाचत आलो होतो, ते एकाएकी वेगवेगळ्या देशांत गेले. रबरी सील, नळ्या, पंपाचे भाग यांची चणचण भासू लागली. एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा आणि पहिल्याला वाट पाहत उभे ठेवायचे, ही तात्पुरती युक्ती त्या वर्षांत नित्याचा रिवाज झाली. पुस्तकाप्रमाणे प्रत्येक भाग एकदाच बसवायचा असतो. आम्ही तो दोनदा काढून तीनदा बसवत होतो, आणि प्रत्येक वेळी बोल्टच्या आट्यांची थोडी झीज होत होती. ओझरला सांगाडा बनत होता म्हणून हे विमान तरले. जे येथे बनत नव्हते, त्याने आमची झोप घेतली.

१९९९ मध्ये या थकलेल्या ताफ्यावर पुन्हा काम पडले. कारगिलमध्ये शिखरांवरची लक्ष्ये सोळा-अठरा हजार फुटांवर होती आणि अशा उंचीवरच्या डोंगराळ लक्ष्यासाठी हे विमान कोणी बनवले नव्हते. २७ मे रोजी कोसळलेल्या मिग-२७ च्या वैमानिकाचा शोध घेत मागे राहिलेले स्क्वाड्रन लीडर अजय अहुजा यांचे मिग-२१ पाडले गेले आणि ते परतले नाहीत. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळाले. त्याच वर्षी १० ऑगस्टला नलियाहून उडालेल्या मिगने कच्छच्या सीमेवर पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक टेहळणी विमान पाडले आणि त्यातील सोळा जण मरण पावले. पाकिस्तान हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात घेऊन गेला, न्यायालयाने २००० मध्ये स्वतःला अधिकारक्षेत्र नसल्याचे सांगितले. घुसखोर विमानाला अडवणे हे मिगचे मूळ काम होते आणि ते त्याने येथे आराखड्याप्रमाणे केले.

ज्या आवृत्तीला मी नव्या विमानाचा दर्जा देईन ती बायसन. सव्वाशे बिस विमानांना नवे कोप्यो रडार, आर-७३ व आर-७७ क्षेपणास्त्रे, हेल्मेटवरून नेम धरण्याची सोय आणि नवी काच बसवण्यात आली, आणि यातील जवळजवळ सर्व काम ओझरलाच झाले. २००४ मध्ये ग्वाल्हेरला झालेल्या संयुक्त सरावात अमेरिकी एफ-१५ च्या वैमानिकांनी बायसनचे खुलेपणाने कौतुक केले: लहान आकारामुळे ते उशिरा दिसते आणि जवळ आले की त्याचे क्षेपणास्त्र आधुनिक असते. परंतु जुन्या घराला नवी विजेची तारजोडणी केली तरी भिंती जुन्याच राहतात. इंधन तेवढेच राहिले, इंजिन एकच राहिले, सांगाड्याचे वय वाढत राहिले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी श्रीनगरहून उडालेले विंग कमांडर अभिनंदन वर्धमान बायसनमध्येच होते. त्यांनी एक एफ-१६ पाडल्याचे भारताचे म्हणणे आहे, पाकिस्तान ते नाकारतो. त्यांचे स्वतःचे विमान पडले आणि ते पकडले गेले, याबद्दल वाद नाही. कित्येक दशकांपूर्वीच्या सांगाड्यातून जाऊन त्या हवेत उभे राहणे ही वैमानिकाची थोरवी होती. त्याला त्या सांगाड्यातून जावे लागले, ही मात्र आपली उणीव होती.

आज आपल्या दोन्ही सीमांवरची लढाई बदललेली आहे. पाकिस्तानकडे २०२२ पासून चिनी जे-१० सी आहे, चीनकडे जे-२० आहे, आणि हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे शंभर किलोमीटरपलीकडून सोडली जातात. मे २०२५ मधील संघर्षाने हे सर्वांना दाखवले. अशा आकाशात ज्याचे रडार नाकातल्या शंकूएवढे आहे, त्या विमानाला जागा नाही, आणि त्याला निवृत्त करण्याचा निर्णय उशिरा झाला तरी योग्यच झाला. प्रश्न रिकाम्या जागेचा आहे. वायुदलाला ४२ लढाऊ स्क्वाड्रनांची मंजुरी आहे; राजस्थानातील नाल तळाच्या शेवटच्या दोन मिग-२१ स्क्वाड्रन गेल्यावर २९ उरल्या. सीमेची लांबी कमी झालेली नाही, उलट २०२० नंतर लडाखमध्ये कायमची जागरूकता ठेवावी लागते आहे.

म्हणून माझे गुणांकन एका आकड्यात बसत नाही. वेगवान, स्वस्त, दुरुस्तीला सोपे आणि आपल्या कारखान्यात बनणारे अडवणूक विमान म्हणून १९६३ ते १९८५ या काळासाठी मी मिग-२१ ला पैकीच्या पैकी गुण देतो. जमिनीवर मारा करणारे विमान म्हणून ते काम चालवणारे होते, वैमानिकांच्या कसबावर चालणारे. नवख्यांना शिकवण्याचे विमान म्हणून मी त्याला कधीच घेतले नसते, आणि १९९५ नंतर आघाडीच्या तळावर ते उभे दिसणे मला कधी बरे वाटले नाही. त्याच्या नावावर लिहिलेल्या दोषांपैकी अर्धे दोष त्याच्या जागी येणाऱ्या विमानांच्या प्रतीक्षायादीचे आहेत.

त्या यादीतील पुढचे नाव तेजस या भारतीय बनावटीच्या लढाऊ विमानाचे आहे. मिगच्या निरोपाच्या आदल्या दिवशी, २५ सप्टेंबर २०२५ रोजी, ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा ६२ हजार ३७० कोटी रुपयांचा करार झाला. २०२१ मध्ये मागवलेल्या ८३ विमानांची पहिली खेप मार्च २०२४ मध्ये अपेक्षित होती आणि इंजिनांच्या विलंबामुळे ती रखडली. ते इंजिन अमेरिकेतून येते. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकच्या नव्या उत्पादन ओळीतून तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए ओझरच्या त्याच धावपट्टीवरून उडाले जिथून आमची मिग उडत असत. या ओळीतून वर्षाला आठ आणि बंगळूरुसह एकूण चोवीस विमाने काढण्याचे उद्दिष्ट आहे. तेजसची चित्रफीत मी अनेकदा पाहिली. पण मला त्याविषयी जे जाणून घ्यायचे आहे ते चित्रफितीत दिसत नाही: इंजिन उतरवायला किती तास लागतात, हायड्रॉलिक पंपाचा रबरी सील कोणत्या देशातून येतो आणि किती दिवसांत येतो, वाळूत उभे केलेल्या विमानाची झडप तिसऱ्या उन्हाळ्यात कशी वागते, आणि रात्रपाळीला आलेल्या वीस वर्षांच्या पोराला पहाटेच्या आत फॉर्मवर सही करताना हात थांबवावा लागतो का.